उधळणीत गेलेली नाणी

आबा, काल कळंबला गाडी थांबली आणि मी सवयीनं दाराकडं बघितलं. चार बायका चढल्या, एक कोंबड्यांची पाटी चढली, तुम्ही काही चढला नाहीत. मी डबल बेल द्यायला उशीर केला. ड्रायव्हर आरशातून बघायला लागला, मास्तर झोपला की काय म्हणून. त्याला काय सांगणार? ज्याच्या मातीला मी स्वतः जाऊन आलोय, त्या पॅसेंजरची वाट बघत होतो.

तुमचा दहावा झाला. मारुतीनं, तुमच्या थोरल्यानं, कशात काही कमी पडू दिलं नाही. पण तुमच्या मातीच्या दिवशी एक गोष्ट झाली, ती मला एकट्यालाच कळलेली आहे. ती मारुतीला सांगावी की नाही, हे मला ठरवता येईना. बायकोला विचारलं तर ती म्हणाली, ज्याची वस्तू त्याला विचारा, माझं डोकं खाऊ नका. म्हणून कागद घेऊन बसलोय.

तुमची नाणी गेली, आबा. सगळी गेली. कशी गेली ते सांगतो, पण जरा दमानं. एकदम सांगितलं तर तुम्ही तिकडंसुद्धा काठी आपटाल.

आपली ओळखच भांडणातून झाली. मी बारामती डेपोचा कंडक्टर, आणि कंडक्टरचा जीव सुट्ट्या पैशात अडकलेला असतो. सकाळी पहिल्या फेरीला सगळे दहाची नोट काढणार, आणि मी "सुट्टे द्या, सुट्टे द्या" म्हणत घसा कोरडा करणार. तुम्ही इंदापूरच्या बाजाराला निघाला होता. डोक्याला पटका, खांद्यावर घोंगडी, उन्हाळा असला तरी घोंगडी. मी तुम्हाला उरलेले पैसे दिले. तुम्ही त्यातला एक रुपया डोळ्याजवळ नेला, लांब धरला, परत जवळ आणला, आणि मला विचारलंत, "मास्तर, ही झेंडा धरल्याली मानसं कोन?"

मी गर्दीत. म्हणालो, "आबा, रुपया आहे, चालतो, खिशात टाका." पण तुम्ही पदराला धरावं तसं माझ्या पिशवीला धरलंत. शेवटी वाचलं. 'चले जाव'ची पन्नास वर्षं झाली म्हणून सरकारनं काढलेला तो रुपया होता. बेचाळीस आणि ब्याण्णव, अशी दोन सालं त्यावर. असले रुपये माझ्या हातून दिवसाला किती जात असतील, मी एकदाही बघितलं नव्हतं. खरं सांगतो, कंडक्टर नाणं बघत नाही, नाण्याचा आकार बघतो.

इंदापूरपर्यंत तुम्ही माझ्याकडं बघितलंसुद्धा नाहीत. मला वाटलं, म्हातारा रागावला. स्टँडवर सगळे उतरले तरी तुम्ही उतरेनात. मग जे बोललात ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

"मास्तर, देशाचं कायबी झालं का मी मेंढरामागं. बेचाळीस झालं, मी मेंढरामागं. सत्तेचाळीसला झेंडा लागला, तवाबी मी मेंढरामागं. बाजारात मीठ आनाया गेलो तवा दुकानदार म्हनला, आरं, आपलं राज्य आलं. येऊन आठवडा झाला हुता."

मी हसलो. तुम्हीपण हसलात, पण तुमचं हसणं लवकर संपलं. मेंढरं घेऊन तुम्ही कोकणात उतरायचा, परत यायचा, भीमेपल्याड जायचा, आणि तेवढ्यात इकडं काहीतरी होऊन गेलेलं असायचं. तुम्ही तो रुपया बंडीच्या आतल्या खिशात टाकलात, आणि उतरताना मला बजावलंत की असला दुसरा काही निघाला तर बाजूला काढून ठेवायचा.

बसलो मग मी बाजूला काढत. कोण म्हणतं वेड एकट्याला लागतं? संध्याकाळी डेपोत पैसे भरताना बाकीचे कंडक्टर गठ्ठे बांधायचे आणि मी एकेक नाणं उलटंपालटं करायचो. कॅशियर म्हणायचा, ह्याला चष्मा लागलाय. दिल्लीला कसली संसदांची परिषद भरली तिचा रुपया मिळाला. पुढं अंदमानच्या जेलचा रुपया आला. कळंबचा स्टॉप आला की मी शर्टाच्या खिशातनं नाणं काढायचो, तुम्ही तुमच्या चंचीतनं तेवढ्याचंच नाणं काढायचा, आणि बदलाबदली व्हायची. फुकट एकदाही घेतलं नाहीत. मी एकदा म्हणालो, असू द्या आबा, आठ आण्यानं मी काय गरीब होत नाही. तेव्हा तुम्ही मला झापलंत, की चेकिंगवाला आला आणि तुमच्या पिशवीत आठ आणे कमी भरले तर माझ्यापायी तुमची नोकरी जायची. म्हातारा एसटीचे नियम मला शिकवत होता.

नाण्यावर सालाखाली बारीक खूण असते, हे मला एका कॉलेजच्या पोरानं गाडीतच सांगितलं. चांदणी असली तर हैदराबादच्या टाकसाळीचं, बारीक हिरा असला तर मुंबईचं. हे तुम्हाला सांगितलं आणि मी माझ्या पायावर धोंडा पाडून घेतला. तोवर एक मिळालं की भागत होतं. आता तुम्हाला चांदणीचं वेगळं आणि हिऱ्याचं वेगळं पाहिजे. "हैद्राबादला मी कवा गेलो न्हाय, निदान तितला रुपया तरी असू द्या," हे तुमचं म्हणणं. दिसत तर काही नव्हतं तुम्हाला. बोटाच्या पेरानं चाचपून सांगायचा, चांदणी हाय म्हणून. निम्म्या वेळा चुकायचं. मी सांगायचो नाही.

आपलं एकच भांडण राहिलं, आबा, आणि ते मिटलं नाही. मी म्हणायचो, सरकारनं हे नाणं फिरायला काढलंय. लोकांच्या हातात जावं, लोकांनी बघावं, बेचाळीस कुणी विसरू नये, म्हणून. तुम्ही ते पावडरच्या डब्यात घालून फळीवर ठेवलं तर ते बघणार कोण, उंदीर? आणि तुमचं उत्तर ठरलेलं. "फिरून फिरून झिजतं, मास्तर. मी चाळीस वर्सं फिरलोय, मला इचारा." मग मी म्हणणार, सगळ्यांनी असंच ठेवलं तर मी पॅसेंजरला परत काय देणार? मग तुम्ही म्हणणार, गोळ्या द्या. खरंच त्या काळात सुट्ट्याऐवजी दुकानदार गोळ्या द्यायचे. गाडीतली माणसं आपलं ऐकून हसायची, आणि माझा पारा चढायचा. चढायचाच. उगाच तुम्ही वारला म्हणून मी आता गोड गोड बोलणार नाही. तुमचं म्हणणं मला पटलेलं नव्हतं.

स्वातंत्र्याला पन्नास वर्षं झाली तेव्हा आठ आण्याचं नाणं निघालं. बाकी कुणाला त्याचं काय नव्हतं, पण तुम्ही आधीपासून माझ्यामागं भुणभुण लावली होती. ते मला मिळालं बारामतीतच, माळेगावच्या कारखान्यावर कामाला जाणाऱ्या एका माणसाकडनं. मी ते खिशात टाकलं आणि त्या दिवशी माझी कळंबची ड्यूटीच नव्हती. दुसऱ्या दिवशी ड्यूटी बदलून आलो. तुम्ही स्टॉपवर उभे होता, मी दारातनंच हात पुढं केला.

तुम्ही ते हातावर घेतलंत. त्यावर माणसं चाललीत, काठी घेतलेला म्हातारा पुढं, बाकीची मागं. तुम्ही बराच वेळ बघत बसलात. गाडी लासुर्ण्याच्या पुढं आली तेव्हा म्हणालात, "शेवटचा गडी हाय न्हवं, त्येच्या मागं बगा. तितं आमची मेंढरं असत्याल." कुठल्याही पुढाऱ्याच्या भाषणात मी देशाबद्दल एवढं खरं वाक्य ऐकलेलं नाही.

आता मातीचा दिवस.

सकाळी डेपोत निरोप आला. मी ड्यूटी दुसऱ्याला दिली आणि बारामतीहून आलो तोवर तुम्हाला बाहेर काढलं होतं. हलगी वाजत होती. नातवंडं-पतवंडं बघून गेलेला माणूस म्हणून गुलाल होता, लाह्या होत्या. आणि मारुती पुढं चालत मुठीनं सुट्टे पैसे उधळत होता. तुमच्याकडं ही रीतच. एवढं आयुष्य भोगून गेलेल्याची उधळण झाली की लोक त्यातलं नाणं उचलतात, घरात ठेवतात, लहान लेकराच्या गळ्यात नाहीतर करगोट्यात बांधतात. त्या माणसाएवढं आयुष्य लेकराला मिळावं म्हणून. ते नाणं कुणी खर्च करत नाही.

मी मागं चाललो होतो. एक नाणं उडालं, दगडावर आपटलं आणि माझ्या पायाशी येऊन पडलं. आठ आणे. पन्नासाव्या वर्षाचं. मी पुढं बघितलं. मारुतीच्या काखेत पावडरचा डबा होता.

आबा, मी ओरडणार होतो. तोंड उघडलंसुद्धा. पण डबा तोवर निम्म्याच्या खाली गेला होता, हलगी जोरात होती, आणि बापाच्या मातीला निघालेल्या माणसाला मधेच थांबवून काय सांगणार, की थांब, हा रुपया अंदमानचा आहे? बायका, बापये वाकून वाकून उचलत होते. गुलालात माखलेले रुपये पदरात बांधत होते. एवढ्या वर्षांचं आपलं येड, आबा, दोन शेतांच्या अंतरात संपलं.

निदान जेवढे दिसतायत तेवढे आपण गोळा करावेत, असं मनात आलं. वाकावं, चार-दोन तरी वाचवावेत. तिथं मी अडलो. का अडलो, ते तुम्हाला सांगायचं राहून गेलंय.

तुम्ही माझ्याशी मेंढरांपासून दिल्लीपर्यंत सगळं बोललात, तुमच्या ताटाशेजारी माझं ताट मांडलंत, पण माझ्या वाडवडलांचा विषय कधी निघाला नाही. तुम्ही काढला नाहीत, मी काढला नाही. माझ्या आज्यापर्यंत गावातल्या मढ्यावरचं कापड आणि वाटेवरचे पैसे उचलणं हे आमच्या लोकांचं काम होतं. हक्क म्हणायचे त्याला. छप्पन साली वडिलांनी दीक्षा घेतली आणि गावाची ती सगळी कामं सोडली. आमच्या घरात फोटोपुढं दिवा लावायच्या आधी आम्हाला जे शिकवलं, ते हेच, की मढ्याच्या वाटेवर सोनं पडलेलं असलं तरी वाकायचं नाही. वडील गेले, तरी त्यांचं हे सांगणं माझ्या पाठीच्या कण्यात आहे. तुमच्या गावच्या लोकांना त्या नाण्यात तुमचं आयुष्य दिसत होतं. मला माझा आजा दिसला.

मी वाकलो नाही, आबा. तुमची नाणी डोळ्यांदेखत जात होती आणि मी ताठ उभा राहिलो. याची मला लाज वाटत नाही. वाईट मात्र फार वाटलं, अजून वाटतं. दोन्ही खरं आहे. तुमच्या-माझ्या राज्याचं ते तसंच झालं बघा. तुम्हाला ते एक आठवडा उशिरा कळलं, आमच्या घरी यायला त्याला आणखी नऊ वर्षं लागली. हे तुम्हाला एकदा गाडीत सांगायचं होतं. तुम्ही त्यावर काहीतरी तिरपं बोलला असता आणि मला बरं वाटलं असतं.

सगळे पुढं गेले. माझ्या पायाजवळचं नाणं कुणी उचललं नाही, लोकांना वाटलं ते माझ्या वाट्याचं. मी तिथंच उभा. माती देऊन लोक परत फिरले तेव्हा मारुती माझ्याजवळ आला. डोळे लाल, अंगभर गुलाल. म्हणाला, "मास्तर, उचला की. आबाचं हाय."

मी म्हणालो, "मारुती, आमच्यात वाटेवरचं उचलत नाहीत."

त्याला कळायला वेळ लागला, पण कळलं. माणूस तुमचाच. खाली बसला, नाणं उचललं, आपल्या सदऱ्याला पुसलं आणि माझा हात धरून हातात ठेवलं. "वाटंवरचं मी उचललं. हे आता माज्या हातातलं घ्या."

घेतलं मी. कसं नाही घेणार?

आणि त्याच वेळी मी त्याला सांगणार होतो. पण तोच बोलायला लागला. म्हणाला, आबानं हा डबा ह्याच्यासाठीच भरून ठेवला होता बघा मास्तर, आम्हाला ऐनवेळी दुकानोदुकानी चिल्लर मागत फिरायला लागू नये म्हणून. तुमच्याकडची जाणती माणसं असं करतात, मला माहीत आहे. आपल्या उधळणीची चिल्लर आपणच बाजूला काढून ठेवतात. फळीवर चिल्लरीचा डबा सापडल्यावर त्यानं दुसरं काय समजायचं होतं? "शेवटपत्तुर आमची काळजी," असं म्हणून तो माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडला. मी त्याच्या पाठीवर हात फिरवला.

तेव्हापासून मी तुमच्यावर चिडलोय, आबा. घरात एका माणसाला तरी सांगायचं होतं. म्हातारचळ म्हणतील म्हणून लपवलंत ना? पोरं उसाच्या, ट्रॅक्टरच्या, लोनच्या गडबडीत, त्यांना कशाला हे खूळ, असं म्हणाला होता मला. बरं, आता मी काय करू? सांगितलं तर मारुती गावभर दारोदार जाईल, आणि उधळणीचं नाणं परत मागणं म्हणजे लेकराचं आयुष्य परत मागणं. कुणी देणार नाही, हा मात्र जन्मभर कुढत बसेल की बापाची एवढी मोठी ठेव मी मुठीनं फेकली. नाही सांगितलं तर तुमचं सगळं आयुष्यभराचं राहून गेलेलं तुम्ही कसं एकेक करून गोळा केलंत, हे तुमच्या घरात कधीच कळणार नाही. मधल्या मधे माझं जेवण गोड लागत नाही.

इथपर्यंत लिहून काल ठेवून दिलं होतं. पुढचं आज लिहितोय.

आज दुपारच्या फेरीला कळंबला एक बाई चढली, लेकुरवाळी. मी तिला नावानं ओळखत नाही, तोंडओळख आहे. इंदापूरला दवाखान्यात निघाली होती. लेकराच्या गळ्यात काळा दोरा, आणि दोऱ्यात रुपया. रुपयाला चक्क भोक पाडलेलं. तुम्ही बघितलं असतं तर फेफरं आलं असतं. मी वाकून बघितलं. आपला पहिलाच होता की दुसरा कुठला, देव जाणे, पण बेचाळीसचा होता. चांदणी आहे का ते बघायचं मला सुचलंच नाही.

माझ्यानं राहवलं नाही. गर्दी होती तरी तिला सांगायला लागलो, की बाई, हा रुपया साधा नाही. बेचाळीस साली इंग्रजांना चले जाव म्हणून सांगितलं, लोक झेंडे घेऊन रस्त्यावर उतरले, गोळ्या खाल्ल्या, त्याची आठवण म्हणून दिल्लीच्या सरकारनं हा काढला. तिनं नीट ऐकून घेतलं. मग दोरा सारखा करत मला म्हणाली, "आसंल मास्तर. आमी ह्येला आबाचा रुपाया म्हंतो. आमच्या आळीत समद्यांच्या घरात हाय."

मी तिचं तिकीट फाडलं, पंच मारला आणि पुढच्या सीटकडं गेलो. मारुतीला मी आता काही सांगणार नाही.